ड्राय नीडलिंग: परवानगी द्या, पण शनिवार-रविवारच्या कोर्सवर नको

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्यातले बरेच जण उद्या परीक्षा देऊन अमेरिकेला जातील, म्हणून ड्राय नीडलिंगबद्दल, म्हणजे औषध न घालता नुसती बारीक सुई स्नायूत टोचून दुखणं कमी करण्याबद्दल, आधीच सांगून ठेवतो. तिथे फिजिओथेरपिस्टने सुई टोचायची की नाही, हे राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात चालत नाही, नॉर्थ कॅरोलिनात चालतं. तेही सहजासहजी नाही. तिथल्या फिजिकल थेरपी बोर्डाने २००२ मध्ये ‘हे आपल्या कक्षेत येत नाही’ म्हटलं, २०१० मध्ये ‘येतं’ म्हटलं. अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांचं बोर्ड कोर्टात गेलं. डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फिजिओंच्या बाजूने निकाल दिला. वॉशिंग्टन राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी मात्र २०१६ मध्ये नेमकं उलटं मत दिलं होतं.

अ‍ॅक्युपंक्चरवाले म्हणतात, सुई आमचीच, फक्त नाव बदललंत. फिजिओ म्हणतात, आम्ही मेरिडियन, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरमधल्या ऊर्जेच्या वाटा, बघत नाही, स्नायूतली गाठ बघतो. प्रागच्या कारेल लेविट यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं, की दुखणं कमी होतं ते इंजेक्शनमधल्या औषधापेक्षा सुईच्या टोचण्यानेच. म्हणजे ही परंपरा वेगळी आहे, हे मला पटतं. पण खरं सांगू का, या वादात अर्धं भांडण दुकानाचं आहे. आपल्याकडेही अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा वेगळा, फिजिओथेरपीची परिषद वेगळी. हे भांडण इथे यायला वेळ लागणार नाही.

मला काळजी आहे ती ट्रॅपेझियस या मान-खांद्याच्या स्नायूची. मानेखाली, खांद्याच्या वरच्या कडेला स्नायू चिमटीत धरून वर उचलायचा आणि सुई त्या चिमटीतच राहील अशी घालायची. स्नायू टचकन उडाला की समजायचं, जागा सापडली. चिमूट सुटली, सुई खाली वळली, तर पुढे फुफ्फुसाचं टोक आहे. २०१३ मध्ये अमेरिकेचा फ्रीस्कीअर (बर्फावर स्कीवरून कसरती करणारा खेळाडू) टोरिन येटर-वॉलेस याचं फुफ्फुस अशाच उपचारात मिटलं. सोची ऑलिंपिक तोंडावर होतं.

फिजिओंच्या बाजूने एक आकडा नेहमी पुढे केला जातो. अमेरिकेतल्या फिजिकल थेरपी बोर्डांच्या महासंघाने २०१५ मध्ये करून घेतलेल्या पाहणीनुसार, ड्राय नीडलिंगला लागणारं ८६ टक्के ज्ञान मूळ पदवीतच मिळतं. मान्य. पण उरलेल्या १४ टक्क्यांत प्रामुख्याने प्रत्यक्ष सुई चालवणंच येतं की! अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही २०१६ मध्ये म्हटलं, की निकष निदान अ‍ॅक्युपंक्चरच्या तोडीचे हवेत. मी इतका ताणणार नाही. शरीररचना तुम्ही चार वर्षं घोकता, तीच पुन्हा कशाला शिकवायची?

तेव्हा परवानगी द्यावी, पण शनिवार-रविवारच्या कोर्सवर नव्हे, टप्प्याटप्प्याने. आधी पोटरी, मांडी, तीही अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली आणि नोंदवहीत सही घेऊन. छाती-पाठीच्या जागांची परीक्षा वेगळी. आणि पेशंटला संमतीपत्र मराठीत द्या. त्यात ‘फुफ्फुसाला इजा होऊ शकते’ हे ठळक लिहा. घरी गेल्यावर धाप लागली किंवा छातीत दुखलं, मग चार तासांनी का असेना, तर आम्हाला फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा, हेही त्याला तोंडी सांगा.