तेल कुठून भरायचं?

(वडोदऱ्यात मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'अभियांत्रिकी कॅड मॉडेलचं गेम इंजिनसाठी रूपांतर'. मघाशी पुढच्या रांगेतल्या आजींनी मला विचारलं, ''म्हणजे तू आता पोरांना गेम खेळायला शिकवणार का रे?'' नाही आजी. मी मकरपुऱ्यात गिअरबॉक्सची ड्रॉइंगं काढणारा माणूस. गेली काही वर्षं एक जोडकाम मागे लागलंय. नवा फिटर खऱ्या यंत्राला हात लावायच्या आधी डोळ्यांवर हेडसेट चढवतो आणि तिथल्या खोट्या गिअरबॉक्सवर हात बसवतो. तो खोटा गिअरबॉक्स गेम इंजिनात, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालतो, आणि तो तयार होतो आमच्याच कॅडमधून, म्हणजे संगणकावर काढलेल्या ड्रॉइंगमधून.

पहिल्याच खेपेला आमची फजिती झाली, तिथूनच सुरुवात करतो. असेंब्लीत, म्हणजे जोडलेल्या अख्ख्या गिअरबॉक्सात, हजारभर भाग होते, हेडसेटला ते झेपेनात. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते: अमुक मापापेक्षा लहान भाग एका झटक्यात काढून टाका. मी ३० मिलिमीटर टाकलं, बटण दाबलं. मॉडेल पिसासारखं हलकं झालं. खूश होऊन आमच्या फोरमनकाकांना हेडसेट घातला. काका गिअरबॉक्सभोवती फिरले, वाकले, परत फिरले आणि म्हणाले, ''भाई, आमां तेल क्यांथी भरवानुं?''

ब्रीदर, म्हणजे हवा जायचं-यायचं टोपण, गेला होता. तेलाची पातळी दाखवणारी काच गेली होती. तेल सोडायचा ड्रेन प्लग, ग्रीस भरायचा ग्रीस निपल, सगळं साफ. आणि धडा कशाचा होता? तेल बदलण्याचा! उलट बंद झाकणाच्या आत, जिथे त्या धड्यात कुणी डोकावणारच नव्हतं, तिथे गिअरचा एकेक दाता शाबूत होता, कारण गिअर मोठे.

आता हे हलकं करायची वेळच का येते? कॅडमध्ये गोल म्हणजे खरोखरचा गोल. तिथे दंडगोल गणितानं लिहिलेला असतो: अक्ष इथे, त्रिज्या एवढी. कितीही जवळ जा, कोपरा सापडत नाही. गेम इंजिनला हे गणित वाचायची सवय नाही. त्याला त्रिकोण लागतात. ठिपक्यांच्या रांगोळीसारखं समजा. ठिपके सरळ रेघांनी जोडून गोल काढायचा. ठिपके जास्त तर गोल छान, पण बोटं दुखतात. खऱ्या कमानीपासून सरळ रेघ जास्तीत जास्त किती दूर जाऊ द्यायची, तो आकडा रूपांतर करताना आपण द्यायचा असतो.

मुलांनो, तुम्ही वह्या काढल्यात म्हणून हिशेब सांगतो. समजा दूर जायची मुभा ०.१ मिलिमीटर. १० मिलिमीटर व्यासाच्या पिनला १६ बाजू पुरतात. एक मीटर व्यासाच्या चाकाला तीच मुभा दिली, तर सुमारे १५८ बाजू लागतात. तेव्हा सगळ्या असेंब्लीला एकच आकडा ठोकून मोकळं होणं हा आळस आहे. शिवाय कोनाचीही एक मर्यादा द्यावी लागते, नाहीतर बारीक भोकं थेट चौकोनी होतात.

खरा राक्षस मात्र वेगळाच, तो म्हणजे बोल्ट. एम १६चा बोल्ट घ्या, आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, २ मिलिमीटर, आटे ४० मिलिमीटर लांबीवर. म्हणजे २० फेरे. प्रत्येक फेऱ्याचे ३२ तुकडे धरले तर ६४० तुकडे झाले. आट्याच्या दोन उतरणी, माथा आणि तळ मिळून प्रत्येक तुकड्याला आठ त्रिकोण. झाले ५,१२० त्रिकोण, आणि हे सगळे फ्लँजच्या, म्हणजे जोडाच्या कडेच्या भोकात, कुणाला न दिसणारे! बाहेर दिसतं ते षटकोनी डोकं, त्याला १६ त्रिकोण बस झाले. फ्लँजवर असे २४ बोल्ट असले तर एकीकडे १,२२,८८० आणि दुसरीकडे ३८४. बोल्टला आटे काढणाऱ्या डिझायनरला मी शिव्या देत नाही, कारण पूर्वी मीही काढायचो. पडद्यावर फार सुंदर दिसतात हो!

हेडसेट सेकंदाला ९० चित्रं मागतो, म्हणजे एका चित्राला ११ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात जमलं नाही की मान वळते, चित्र मागे राहतं आणि माणसाला मळमळतं. आमच्या एका शिकाऊ मुलानं सकाळी फाफडा-जलेबी खाऊन हेडसेट घातला होता... जाऊ द्या. भागांची संख्याही नडते. प्रत्येक सुटा भाग काढण्यासाठी प्रोसेसरला ग्राफिक कार्डाला वेगळा निरोप धाडावा लागतो. म्हणून जे हलणार नाही ते एकत्र वितळवायचं, आणि जे फिटर हातात घेणार ते सुटं ठेवायचं.

मापाचा घोळ तर सगळ्यांचाच होतो. आपलं कॅड मिलिमीटरमध्ये. युनिटी आणि अनरियल ही दोन गेम इंजिनं; युनिटीत एक एकक म्हणजे एक मीटर, अनरियलमध्ये एक सेंटिमीटर. ६०० मिलिमीटर उंच गिअरबॉक्स नुसता आकडा वाचून युनिटीत उतरला, तर ६०० मीटर उंच होतो. केवडियाचा पुतळा १८२ मीटरचा आहे. तसे तीन एकावर एक ठेवले, तरी आमचा गिअरबॉक्स वर डोकावेल. ही चूक निदान दिसते तरी. न दिसणारी चूक अक्षांची. कॅडची अक्षरचना बहुधा उजव्या हाताची, या दोन्ही इंजिनांची डाव्या हाताची, म्हणजे एक दुसरीचं आरशातलं रूप. रूपांतर कच्चं असलं तर मॉडेल आरशातलं होतं. गिअरबॉक्स तसाच दिसतो, फक्त तिरप्या दात्यांचा उतार उलटा आणि उजवे आटे डावे. प्रोग्रॅमरला ते कळत नाही, फिटरला दुसऱ्या मिनिटाला कळतं.

कलाभवनची मुलं मागे बसलीत, त्यांच्यासाठी एक गंमत. सयाजीरावांनी १८९० साली काढलेल्या तुमच्या त्या संस्थेत दादासाहेब फाळके शिकून गेले. पडद्यावर डोळ्याला काय खरं वाटतं, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. इथेही तसंच आहे. पृष्ठभागाची दिशा, म्हणजे नॉर्मल, कॅडच्या मूळ गणितातून उचलून त्रिकोणांच्या टोकांना चिकटवली, की थोड्या त्रिकोणांवरही उजेड गुळगुळीत पसरतो. फक्त कडेची रेघ खोटं बोलू देत नाही, तिथे कोपरे दिसतात. म्हणून त्रिकोण खर्चायचे तर कडेवर खर्चा.

(श्रोत्यांतून प्रश्न: अनरियलमध्ये आता नॅनाइट आहे, ते दिसतील तेवढेच त्रिकोण आपोआप निवडतं. कोट्यवधी त्रिकोण चालतात. मग एवढा खटाटोप कशाला?)

बरोबर आहे. २०२२ साली अनरियल ५ आलं, त्याबरोबर नॅनाइटही. टेबलावर दणकट ग्राफिक कार्ड असेल तर जरूर वापरा, मीही वापरतो. पण आमच्या फिटरच्या डोक्यावरच्या हेडसेटमध्ये मोबाइलच्या तोडीची चिप आहे. शिवाय ग्रीस निपल ठेवायचा की नाही, हे नॅनाइटला कसं कळणार?

(प्रश्न: मग काय काढायचं, हे ठरवतं कोण?)

यादी मी छापतो आणि चहाच्या वेळी काकांपुढे ठेवतो. ते पेन्सिलनं खुणा करतात. गेल्या खेपेला त्यांनी ड्रेन प्लगखालचा तांब्याचा वॉशर परत आणायला लावला. मी म्हटलं, काका, बाहेरून त्याची नुसती कड दिसते. तर म्हणाले, तेल बदललं की तो दर वेळी नवा घालायचा असतो, आणि नवी पोरं नेमकी तेच विसरतात.