दोन्ही बाजूंना काय आहे?

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात जाण्यायेण्याच्या वाटेला नावांचा तोटा नाही. पेठेत बोळ आहे, आळी आहे. भाऊ महाराज बोळ, तांबट आळी, बोहरी आळी. प्रभात रस्त्याला गेलात की तीच वाट गल्ली क्रमांक अमुक होते आणि कोरेगाव पार्कात पोचली की तिची लेन होते. जागेचा भाव चढत गेला की वाटेचं नाव इंग्रजीकडे सरकतं, असं माझं आपलं मत आहे. असो. आज बोलायचंय ते इंग्रजीतल्या वाटांबद्दल. कॉरिडॉर, पॅसेज, आइल, हॉल, गॅलरी, सबवे, ॲली. हे शब्द आपल्या तोंडात रोजचे. त्यातले काही आपण आपल्याला हव्या त्या अर्थानं वापरतो आणि आपसात काही अडत नाही. अडतं ते बाहेरचा माणूस आला की.

यातला कुठला शब्द कुठे वापरायचा, हे ओळखायला मी एक साधा प्रश्न विचारतो. त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना काय आहे? भिंती आणि खोल्यांची दारं? खुर्च्या? इमारतींच्या पाठी? पुन्हा सांगतो, वाटेकडे बघू नका, वाटेच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते बघा. पण त्याआधी मामांची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

मामा राहायचे सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, माडीवर. सरकारी कचेरीत मसुदे लिहिण्यात हयात गेलेली, त्यामुळे इंग्रजी कडक. अक्षर तर असं, की छापलंय म्हणावं. पुण्यात मेट्रोचं नावही कुणी घेत नव्हतं आणि मोबाइल फारसे कुणाकडे नव्हते, तेव्हाची गोष्ट. एक अमेरिकन विद्यार्थी मराठी शिकायला पुण्यात आला होता. कुणाच्या तरी ओळखीनं तो मामांकडे जेवायला येणार, असं ठरलं. मामांनी त्याच्यासाठी पत्ता सांगणारी चिठ्ठी लिहिली. मजकूर साधारण असा होता: बसमधून उतरल्यावर सबवे घ्यावा, पलीकडे निघून डावीकडच्या ॲलीत वळावं, मी गॅलरीत उभा असेन, आणि मी दिसलो नाही तर वर येऊन खुशाल हॉलमध्ये बसावं.

आता तुम्हा-आम्हाला यात काही खटकतंय का? नाही. आपण या चिठ्ठीवरून डोळे मिटून पोचलो असतो.

तो मुलगा बसमधून उतरला आणि त्यानं सबवे कुठे म्हणून विचारलं. एका गृहस्थांनी जिना दाखवला. हा खाली गेला. खाली ना फलाट, ना तिकिटाची खिडकी. पलीकडच्या जिन्यानं वर आला, तर समोर पुन्हा रस्ताच. त्याला वाटलं आपलं दार चुकलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. खाली एक फेरीवाला कंगवे आणि हातरुमाल मांडून बसला होता. हा गोरा मुलगा सारखा येतोय आणि जातोय, म्हणजे याला काहीतरी घ्यायचंय पण लाज वाटतेय, असा त्यानं अर्थ काढला. मुलानं त्याला विचारलं, ‘तिकीट?’ फेरीवाल्यानं कंगवा दाखवून बोटांनी भाव सांगितला. मुलानं पैसे दिले. तिकीट म्हणून हातात कंगवा आला, तो घेऊन बिचारा बराच वेळ गाडीची वाट बघत उभा राहिला.

शेवटी सबवेचा नाद सोडून त्यानं वर येऊन दुसरी खूण धरली, गॅलरी. कॉलेजच्या दोन मुली भेटल्या, इंग्रजी बोलणाऱ्या. गॅलरी म्हटल्यावर त्यांनी त्याला सरळ रिक्षात बसवून बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात धाडलं. तिथे कुणाच्या तरी जलरंगांचं प्रदर्शन होतं. मुलगा सभ्य. सगळी चित्रं पाहिली, अभिप्रायाच्या वहीत चार ओळी लिहिल्या, आणि मग तिथल्या माणसाला मामांचं नाव विचारलं. तो म्हणाला, या नावाचे चित्रकार आमच्याकडे नाहीत.

इकडे मामा लाकडी गॅलरीत उन्हात उभे. आत मामींचा मसालेभात निवत चाललेला. मामी म्हणाल्या, ‘अहो, जेवून तरी घ्या.’ मामा म्हणाले, ‘पाहुण्याला शब्द दिलाय. गॅलरीत उभा असेन असं लिहून दिलंय.’

चिठ्ठीवर वाड्याचा नंबर होता, म्हणून एका रिक्षावाल्यानं मुलाला अखेर आणून सोडलं. पण सोडलं ते मागच्या बोळात, परसदाराशी. मुलगा मागच्या जिन्यानं वर आला. कुणी दिसेना. मग त्याला चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य आठवलं, हॉलमध्ये बसावं. आणि अमेरिकेत हॉल म्हणजे खोल्यांच्या मधून जाणारी वाट! माडीवर तशी एकच जागा होती, स्वयंपाकघरामागची बोळकांडी. तिथे तांब्याचा बंब, गोवऱ्यांचं पोतं आणि मोडकी सायकल. हा पोत्याशेजारी मांडी घालून शांत बसून राहिला. पाहुण्याला आधी इथे बसवायची रीत असावी, असं त्याला वाटलं.

मामी पाणी तापवायला आल्या आणि किंचाळल्याच. ‘अहो, तुमचा साहेब बोळकांडीत बसलाय!’ गॅलरीतून मामांचा आवाज आला, ‘शक्य नाही. मी इथून रस्त्यावर नजर ठेवून आहे.’

पुढे कितीतरी वर्षं मामा हे सांगायचे, आणि शेवटी न चुकता बजावायचे, ‘माझ्या चिठ्ठीत व्याकरणाची एकही चूक नव्हती.’ खरंच नव्हती. मुलगा तो कंगवा अमेरिकेला घेऊन गेला म्हणतात.

तर श्रोतेहो, त्या चिठ्ठीतले शब्द बघू. सबवे. इंग्लंडात सबवे म्हणजे पादचाऱ्यांचा भुयारी रस्ता, आपण वापरतो तोच अर्थ. अमेरिकेत सबवे म्हणजे जमिनीखालची रेल्वे, न्यूयॉर्कची १९०४ साली सुरू झाली ती. रस्त्याखालच्या वाटेला अमेरिकन माणूस अंडरपास म्हणेल. गंमत म्हणजे ब्रिटनमध्येच असलेल्या ग्लासगो शहरात भुयारी रेल्वेला सबवे म्हणतात. आज तो मुलगा आला असता तर त्याला पुण्यात सबवे सापडला असता. सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट मेट्रो जमिनीखालून धावतेय.

गॅलरी. आपण जिला गॅलरी म्हणतो ती इंग्रजी माणसाची बाल्कनी. चित्रांचं दालन, नाट्यगृहातला वरचा मजला, लांबलचक आच्छादलेली वाट, हे गॅलरीचे तिकडचे अर्थ. आणि हॉल. वन बीएचकेमधला एच हा फक्त आपला. ब्रिटिश माणूस हॉल म्हणतो तो दारातून आत आल्यावर कोट टांगायच्या जागेला. बसायच्या खोलीला लिव्हिंग रूम म्हणा, म्हणजे पाहुणा पोत्याशेजारी बसणार नाही.

आता आपला प्रश्न. दोन्ही बाजूंना काय आहे? भिंती आणि दारं असतील तर कॉरिडॉर. शाळेचा, रुग्णालयाचा, कचेरीचा. खुर्च्या किंवा मांडण्या असतील तर आइल. विमानात, नाट्यगृहात, सुपरमार्केटमध्ये. रेल्वेत दोन्ही सापडतात: फर्स्ट एसीच्या डब्यात केबिनच्या दारांपुढून जातो तो कॉरिडॉर, आणि डेक्कन क्वीनच्या चेअर कारमध्ये चहावाला जिथून तुमच्या गुडघ्यांना धक्के देत जातो, ते आइल. आइलचं स्पेलिंग ए-आय-एस-एल-ई. त्यातला एस मुका, आईसल वगैरे म्हणू नका. लॅटिनमध्ये पंखाला आला म्हणतात, त्यातून फ्रेंचमार्गे हा शब्द आला. तिथे एस नव्हताच. बेटाला म्हणतात त्या आइल शब्दाशी घोळ झाला आणि एस मधे शिरला. आपली पोरं या असल्या एससाठी मार्क घालवतात, याचं मला वाईट वाटतं.

वापरताना शब्दयोगी अव्ययांकडे लक्ष ठेवा. तो कॉरिडॉरमध्ये उभा आहे, तर इन द कॉरिडॉर. शेवटची खोली असेल तर ॲट द एंड ऑफ द कॉरिडॉर. विमानात मधली वाट सोडून पलीकडे बसलेला माणूस, ॲक्रॉस द आइल. ऑन द कॉरिडॉर म्हणू नका. आणि डाउन द कॉरिडॉर म्हटलं की जिना शोधू नका. डाउन म्हणजे इथे खाली नाही, त्याच वाटेनं पुढे.

पॅसेज हा सगळ्यांत मोकळा शब्द, नेमकं सुचत नसेल तेव्हा चालून जातो. लॉबी मात्र वाट नाही, थांबायची जागा. हॉटेलात शिरल्यावरची किंवा लिफ्टसमोरची. हल्ली सोसायट्यांमध्ये लिफ्टसमोरच्या लॉबीत लोक चपलांची कपाटं, कुंड्या, पोरांच्या सायकली असा सगळा संसार मांडतात. उद्या आग लागली तर जिन्यापर्यंत पोचायचं कसं? सोसायटीच्या सभेत हे बोललं की आपण वाईट. ते जाऊ द्या.

ॲलीच्या दोन्ही बाजूंना इमारती असतात, बहुतेकदा त्यांच्या पाठी. आपला बोळ. पुढे बंद असेल तर ब्लाइंड ॲली. लेन त्याहून रुंद, आणि मोठ्या रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेला भाग तीही लेनच. पुण्यात ती पट्टी कशासाठी आहे, हे दुचाकीवाल्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

राहता राहिला गँगवे. जहाजावर चढायउतरायची फळी ती गँगवे. ब्रिटिश लोक नाट्यगृहातल्या आइललाही गँगवे म्हणतात. यातला गँग गुंडांचा नाही, जुन्या इंग्रजीत गँग म्हणजे जाणं. शिवाय गर्दीतून ओझं घेऊन जाणारा माणूस वाट करून घ्यायला ‘गँगवे!’ असं ओरडतो. मंडईत हमाल पाठीवर पोतं घेऊन येताना ‘चला, बाजू, बाजू!’ करतो ना, अगदी तेच. तो ओरडला की अर्थ न विचारता सरकावं.

नमस्कार.