बाब-अल-मंदेबच्या आधीचा हिशेब

नकाशावर एडनचं आखात ऐसपैस दिसतं. पश्चिमेला ते निमुळतं होत जातं आणि तांबड्या समुद्रात नेणाऱ्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीपाशी जेमतेम ३० किलोमीटर उरतं. उत्तरेला येमेन, दक्षिणेला सोमालिया. म्हणून वेपॉइंट (मार्गावरचे ठरावीक बिंदू) टाकायला बसण्याआधी कप्तान आणि सेकंड ऑफिसर एक गोष्ट नक्की करतात : धोका चाच्यांचा आहे, की क्षेपणास्त्रांचा? एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

आधी चाचे.

आखाताच्या मधून, ४५ ते ५३ अंश पूर्व रेखांशांदरम्यान, सुमारे ४९० सागरी मैलांचा शिफारस केलेला मार्ग आहे. पाच-पाच मैल रुंदीच्या दोन पट्ट्या, मधे दोन मैल मोकळे. पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी उत्तरेची पट्टी धरायची, पूर्वेकडे जाणाऱ्यांनी दक्षिणेची. १४ नॉटने (ताशी १४ सागरी मैल) हा टप्पा ३५ तासांचा आहे. निदान एक पहाट आत उजाडणारच. पहाट आणि संधिप्रकाश याच हल्ल्यांच्या वेळा, त्यामुळे टेहळणीची माणसं तेव्हा वाढवायची. बंदरात जागा मिळेपर्यंत थांबायचंच असेल, तर या टापूच्या बाहेर. इथे इंजिन बंद करून तरंगत राहणं ही सगळ्यात मोठी चूक.

चाच्यांची होडी २५ नॉटपर्यंत पळते. फायबरची, पाण्याला टेकलेली. रडारवर उशिरा उमटते. ती मागून तीन मैलांवर दिसली असं धरा. जहाज १४ नॉटने चाललं असेल तर ती १६ मिनिटांत गाठते. १८ नॉटने चाललं असेल तर २६ मिनिटं लागतात. या जादा दहा मिनिटांत डेकवरची माणसं आत येतात, दारं बंद होतात, मदतीचा संदेश जातो.

या वेगाची किंमत मात्र आहे. १४ वरून १८ वर गेलं की इंधनाचा ताशी खप दुपटीच्या वर जातो. तेवढा साठा निघतानाच टाकीत हवा. सुकाणूही थोडंथोडंच फिरवायचं. मोठ्या वळणात कमावलेला वेग जातो. भरलेल्या बल्क कॅरिअरला (धान्य, कोळसा असा सुटा माल नेणाऱ्या जहाजाला) १८ नॉट सहसा झेपतच नाहीत. पाण्यापासून डेकची उंचीही कमी. तिथे कठड्यावरची काटेरी तार आणि माणसाचे डोळे यांवरच भिस्त.

नैऋत्य मोसमी वारे सोमालियाच्या पूर्वेचा समुद्र खवळवतात, तेव्हा छोट्या होड्या बाहेर पडत नाहीत. आखात त्या मानाने आडोशाला आहे. तिथे पावसाळ्याच्या भरवशावर राहू नये.

आता दुसरा धोका.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनचे हूती बंडखोर हेलिकॉप्टरमधून ‘गॅलक्सी लीडर’ या जहाजाच्या डेकवर उतरले. काटेरी तार तिथे काय करणार? क्षेपणास्त्रापुढे चार नॉट जास्त असून उपयोग नाही. इथे तपासायची ती कागदपत्रं : मालक कोण, त्याच्या इतर जहाजांनी कोणती बंदरं घेतली, त्यात इस्रायलशी संबंध निघतो का. ही माहिती उघड असते, आणि हल्लेखोरही तीच बघतात. जहाज त्यात अडकत असेल, तर सामुद्रधुनीत शिरूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपचा मार्ग. सिंगापूर ते रॉटरडॅम सुमारे ३,३०० मैलांची वाढ, १४ नॉटने जवळपास दहा दिवस.

तिथला धोका समुद्राचा. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगत अगुल्हास प्रवाह नैऋत्येकडे धावतो आणि जहाजाला चांगला रेटा देतो. पण समोरून नैऋत्येचं वादळ आलं, की प्रवाह आणि लाटा एकमेकांवर आदळून उभ्या भिंतीसारख्या लाटा उठतात. हवामानाचा इशारा मिळताच प्रवाहाचा मोह सोडायचा, वेग कमी करायचा आणि २०० मीटर खोलीच्या रेषेच्या आत, किनाऱ्याच्या बाजूला सरकायचं.