मस्की: एकच मासा, तीन रंग

जाळ्यातला हा मासा नीट बघा. हिरवट चंदेरी अंग, पांढरं पोट आणि कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत गडद ठिपकेच ठिपके. हा मस्की, उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा. हा अमेरिकेत मिनेसोटातल्या लीच लेक या तलावातला. आता हा शेजारच्या विस्कॉन्सिनमधला, याच्या अंगावर वरून खाली उतरणारे काळपट पट्टे आहेत. आणि हा तिसरा तर जवळजवळ कोराच, खुणा असल्या तरी शेपटीकडे पुसट.

तिन्ही एकाच जातीचे. पूर्वी यांना तीन उपजाती मानायचे, ग्रेट लेक्सचा ठिपकेवाला, ओहायो खोऱ्यातला पट्टेवाला आणि वरच्या मिसिसिपीकडचा कोरा. पण लीच लेक आहे मिसिसिपीच्या खोऱ्यात आणि तिथला मासा ठिपकेवाला, लेक ऑफ द वुड्स या तलावात तर एकाच पाण्यात सगळेच नमुने सापडतात, मग ती विभागणी टिकणार कशी? त्यात पाण्याचाही परिणाम, चहासारख्या तपकिरी पाण्यातला मस्की सोनेरी-तपकिरी दिसतो, नितळ पाण्यातला फिकट चंदेरी.

मस्कीचा जवळचा नातेवाईक असलेला पाईक मासा मात्र वेगळा ओळखता येतो. पाईकच्या गडद अंगावर फिकट ठिपके असतात, मस्कीचं बरोबर उलट, फिकट अंगावर गडद खुणा. तरी शंका राहिली तर खालचा जबडा बघायचा, ही बारीक छिद्रं दिसतायत ना, मस्कीला एका बाजूला ६ ते ९ असतात, पाईकला बहुतेक ५ किंवा कमी.

पण रंगापेक्षा महत्त्वाचा आहे स्ट्रेन, म्हणजे मासा मूळ कुठल्या पाण्यातला, आणि हे मिनेसोटाला चांगलंच कळलंय. तिथे कित्येक वर्षं शूपॅक लेकच्या मस्कींचं बीज वेगवेगळ्या लेकमध्ये सोडत होते. शूपॅक हे आजच्या वोयेजर्स नॅशनल पार्कमधलं लहानसं लेक, तिथला मस्की मुळात फार मोठा होतच नाही, आणि मोठ्या पाण्यात सोडला म्हणून काही त्याची वाढ बदलली नाही. शेवटी १९८० च्या दशकात लीच लेकचा स्ट्रेन घेतला, हा जास्त मोठा होतो.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती अंडी घालायच्या जागेची. पाईक वसंतात लवकर, काठच्या उथळ गवतात अंडी घालतो आणि त्याची पिल्लं आधी मोठी होऊन मस्कीची पिल्लं खातात. लीच लेकचा मस्की काठापासून लांब, जरा खोल पाण्यात, कारा नावाच्या शेवाळाच्या गालिच्यावर अंडी घालतो, म्हणजे पाईकच्या तडाख्यातून बराचसा सुटतो. शूपॅकमध्ये पाईक नव्हताच, त्यामुळे तिथल्या माशाला हे कधी करावंच लागलं नाही. हा फरक अंगावरच्या ठिपक्यांवरून कसा कळणार? म्हणून आता पराचा छोटा तुकडा घेऊन डीएनए तपासतात.

विस्कॉन्सिननेही ग्रीन बे या लेक मिशिगनच्या उपसागरात संपलेला मस्की परत आणायचं ठरवलं तेव्हा राज्यातला पट्टेवाला हाताशी असूनही तो घेतला नाही, १९८९ पासून तिथे ग्रेट लेक्सचाच ठिपकेवाला स्ट्रेन सोडला, आणि आज तिथे ५० इंचांवरचे मस्की गळाला लागतात.