शब्द आपले, चाल आपली : प्रतीक कुहाड आणि बेळगावची गिटारवाली पोरं

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या आसपास घर असेल आणि गाणं घरीच रेकॉर्ड करायचं असेल, तर आधी गाड्यांच्या वेळा पाठ कराव्या लागतात. फाटक पडलं की दोन्ही बाजूंनी दुचाक्यांचे हॉर्न, मग खुद्द गाडीची शिट्टी. कपाट उघडून लोंबत्या साड्यांमध्ये माइक धरला तरी ती आत शिरतेच. अशा खोल्यांमधून गाणारी बेळगावची पोरं कॉलेजच्या गॅदरिंगला हटकून ज्याचं एखादं गाणं म्हणतात, तो प्रतीक कुहाड.

कुहाड जयपूरचा, जन्म १९९०चा. न्यूयॉर्क विद्यापीठात गणित आणि अर्थशास्त्र शिकला. पदवी अशी, की घरी कुणी नाव ठेवायला नको. पण हा भारतात परतला आणि गाणी लिहीत बसला. २०१३ मध्ये ‘रात राजी’ ही हिंदी गाण्यांची छोटी मालिका आली, २०१५ मध्ये ‘इन टोकन्स अँड चार्म्स’ हा इंग्रजी अल्बम. गिटार, दबका आवाज आणि रोजच्या बोलण्यातले शब्द, एवढाच सगळा संसार.

सिनेमा त्याच्याकडे नंतर आला. २०१६ मध्ये ‘बार बार देखो’साठी जसलीन रॉयलच्या चालीवर तो तिच्यासोबत गायला. २०१८ च्या ‘कारवां’मध्ये मात्र ‘सांसें’ आणि ‘कदम’ या गाण्यांचे शब्द, चाल आणि आवाज, तिन्ही त्याचेच. हिंदी सिनेमात ही तीन कामं सहसा तीन माणसं करतात. त्यामुळे ही दोन गाणी सिनेमात असूनही सिनेमाची वाटत नाहीत, आणि माझ्या मते तीच त्यांची खरी कमाई.

त्याच वर्षी ‘कोल्ड/मेस’ आलं. गाणं एकट्यानं लिहिलेलं, पण व्हिडिओ त्यानं दुसऱ्यांच्या हाती सोपवला. दिग्दर्शन दार गाई हिचं. ती मूळची युक्रेनची, काम करते मुंबईत. पडद्यावर जिम सर्भ आणि झोया हुसेन. भांडण, माया, पुन्हा भांडण; पाहताना वाटतं, आपण कुणाच्या तरी घरात नको तेव्हा शिरलोय. पुढं बराक ओबामांनी २०१९ मधल्या आपल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत हे गाणं घातलं आणि जयपूरच्या पोराचं नाव जगभर झालं.

२०२० च्या टाळेबंदीत ‘कसूर’ आलं. व्हिडिओत घराघरांत बसलेली माणसं. एकेक आठवण सुचवली जाते, आणि कॅमेरा नुसता त्यांचे चेहरे बघत राहतो. खर्च म्हणावा तर काहीच नाही.

त्या डिसेंबरात अमेरिकेच्या इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीशी त्याचा करार झाला. मग हा कसला स्वतंत्र, म्हणजे कंपनीविना गाणारा, कलाकार, असं म्हणणारे आहेतच. मला ते पटत नाही. कंपनी दारात आली तेव्हा गाणी आणि ऐकणारे दोन्ही त्याच्यापाशी होते, सौदा तिथून पुढं सुरू झाला. २०२२ चा इंग्रजी अल्बम त्यानं रायन हॅडलॉक या अमेरिकी निर्मात्याबरोबर केला.

आता इकडं. खानापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात बाहेर पाट्यांच्या भाषेवरून वाद पेटलेला असतो, तर आत सरावाच्या खोलीत मराठी शब्दांना कन्नड घरातला पोरगा ताल देत असतो. हे आजचं नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व कन्नड घरातले. मुंबईत देवधरांकडे शिकले, देवासला राहिले, कबीर गायले. ‘ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी’ हे मराठी युगुलगीत त्यांनी वाणी जयराम यांच्याबरोबर गायलं, वाणीबाईंचं घर तमिळ. शब्द बाळ कोल्हटकरांचे, चाल वसंत देसाईंची. आता सांगा, हे गाणं कुठल्या राज्याचं?

भाषेचं जमून जातं. घोडं अडतं ते हिशेबाशी. गीत आणि चालीचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा, हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, त्यात गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा वाटेल त्याला लिहून देता येणार नाही अशी तरतूद झाली. तो वाटा गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे, तिचं सदस्य व्हावं लागतं. आणि सीमेवरच्या गाण्यात वाटेकरी जास्तच: मराठी कडवं एकाचं, कन्नड दुसऱ्याचं, चाल दोघांची, माइक तिसऱ्याच्या मामाचा. कुणाचं किती, हे गाणं यूट्यूबवर चढवायच्या आधी कागदावर लिहून सह्या घ्यायच्या असतात. आपल्याकडं कागदाचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं: “पैसं तर येऊ देत की रे आधी!”