लसणाला डेंगळे आले तेव्हा

[दृश्य: जूनमधली सकाळ. घरामागचा वाफा. हिरव्या दांड्याचं एक वेटोळं, त्यावर दव.]

कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये जूनचा तिसरा आठवडा चालू आहे. पहाटे साडेपाचला लख्ख उजाडतं आणि रात्री नऊ वाजले तरी उजेड असतो. ऑक्टोबरमध्ये, बर्फ पडायच्या आधी लावलेला लसूण आता मांडीपर्यंत आलाय.

आई निफाडहून पहिल्यांदाच आमच्याकडे आली होती. चहाचा कप हातात घेऊन ती वाफ्यापाशी गेली आणि तिथूनच हाक मारली, "अगं, ये बरं इकडे. तुझ्या लसणाला डेंगळे आलेत."

कांदा पिकवणाऱ्या घरात डेंगळे हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. रांगडा, म्हणजे उशिरा खरिपातला, कांदा लावलेला असतो, रोपं जरा जाड झालेली असतात, त्यात थंडीची लाट येते आणि लांबते. मग कांद्याच्या मधोमध एक पोकळ दांडा वर येतो आणि टोकाला गोंडा धरतो. तोच डेंगळा. बियाण्यासाठी राखलेल्या वावरात तो हवाच असतो. विक्रीच्या कांद्यात आला, तर तो कांदा गेला. चाळीत टिकत नाही, म्हणून काढणीच्या वेळीच बाजूला टाकावा लागतो आणि पडेल त्या भावाने द्यावा लागतो. आईने आयुष्यभर हेच पाहिलंय. त्यामुळे तिचा पुढचा प्रश्न होता, "आता सगळा लसूण वाया गेला का गं?"

तो वाया का गेला नाही, हे समजायला कांदा आणि लसूण शेजारी ठेवून कापावे लागतात.

[दृश्य: पाटावर आडवे चिरलेले दोन कंद, जवळून.]

कांदा म्हणजे पानांची फुगलेली बुडं, एकात एक बसलेली. डेंगळा जातो तो या पापुद्र्यांच्या पोटातून. तो वरून खुडला तरी आत त्याचा खुंट राहतो, मान जाड राहते, नीट सुकत नाही आणि कूज तिथूनच आत शिरते. म्हणून डेंगळा मोडून कांदा वाचत नाही.

आता हा लसणाचा गड्डा बघा. मधोमध दांडा आहे, पेन्सिलीएवढा. त्याच्याभोवती पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळी आपापल्या सालीत बंद. पाकळी म्हणजे पानाच्या बगलेतला फुगलेला डोळा. दांडा पाकळ्यांच्या शेजारून वर जातो, एकाही पाकळीच्या आतून जात नाही. तो काढला तरी पाकळीला ओरखडा येत नाही.

आईला हे नवीन होतं, कारण आपल्याकडच्या लसणाला सहसा दांडा येतच नाही. गोदावरी, श्वेता, भीमा पर्पल या आपल्या जाती लहान दिवसांत गड्डा धरणाऱ्या, मऊ मानेच्या. थंडीत लावायच्या, उन्हाळ्याच्या तोंडाशी काढायच्या आणि पातीची वेणी घालून टांगायच्या. आमच्या वाफ्यातली जात आहे म्यूझिक. ऑन्टारिओत ती घरोघरी दिसते. कडक मानेची, चार-सहाच पाकळ्यांची, पण एकेक पाकळी अंगठ्याहून जाड. या जातीला कडाक्याची थंडी आणि त्यानंतर लांब दिवस मिळाले की दांडा येणारच. त्यात माझ्या हातून काही चुकलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. हा दांडा ठेवला तर काय होतं आणि काढला तर काय?

दांडा दिसला की समजायचं, रोपाच्या शेंड्याने पानं काढणं थांबवलं. यापुढे नवीन पान येणार नाही. आहेत ती नऊ-दहा पानं, त्यातलीही खालची पिवळी पडायला लागलेली. काढणीला उरलेत साधारण चार आठवडे आणि गड्ड्याचं बरंचसं वजन याच दिवसांत भरायचं असतं. पानांत तयार झालेली साखर या काळात दोन वाटांनी जाते. एक वाट खाली, पाकळ्यांकडे. दुसरी वर, दांड्याकडे आणि त्याच्या टोकाच्या चोचदार कळीकडे. वरची वाट बंद केली की तेवढा वाटा खाली वळतो. दांडा काढायचा तो एवढ्यासाठीच.

फायदा किती होतो, याचा एकच आकडा सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्यांत कुठे ५ टक्के वाढ दिसते, तर कुठे २०-३० टक्क्यांपर्यंत जाते. जात, जमीन आणि दांडा कोणत्या दिवशी काढला, या तिन्हींवर ते अवलंबून असतं.

दिवस ओळखायची खूण सोपी आहे. दांडा आधी सरळ वर येतो, मग वळतो आणि एक पूर्ण वेटोळं घालतो. तेव्हा काढायचा. नखाने दाबला तर नख रुततं, मोडला तर कट्कन मोडतो. आणखी दहा-बारा दिवस थांबलात तर तो पुन्हा सरळ होऊ लागतो, आतून लाकूड होतो आणि रोपाने त्याच्यावर करायचा तो खर्च करून झालेला असतो. त्यानंतर काढून फारसं काही हाती लागत नाही.

[दृश्य: आईचा हात. अंगठा आणि तर्जनी. सर्वांत वरच्या पानाच्या किंचित वर दांडा मोडला जातो. टोकावर रसाचा थेंब.]

कुठे मोडायचा, हेही बघा. सर्वांत वरच्या पानाच्या जरा वर. कोरड्या, उन्हाच्या दिवशी, म्हणजे जखम लवकर सुकते. आई पहिल्या दोन रोपांना कांद्याच्या सवयीने दांडा उपटायला गेली आणि एका रोपाचं पान फाटलं. मी लगेच तिचा हात धरला. दांडा काढायला जेवढे हात शिवशिवतात, तेवढीच काळजी पानाची घ्यायला हवी. नवीन पान येणार नाही, हे आपण आत्ताच पाहिलं. एक पान गेलं की उरलेल्या चार आठवड्यांची तेवढी कमाई गेली. शिवाय लसणाचं एकेक पान म्हणजे गड्ड्यावरचा एकेक पापुद्रा. पान फाटलं तर गड्ड्याचं पांघरूणही तेवढं पातळ होतं आणि तो कमी टिकतो.

दांडा उपटूनही काढता येतो, पण त्याला सराव लागतो. तो बघायचा तर चीनमध्ये शांतुंग प्रांतात जायला हवं. जगातला निम्म्याहून जास्त लसूण एकटा चीन पिकवतो आणि शांतुंगमधले जिनशियांग, त्सांगशान हे त्यातले नावाजलेले मुलूख. तिथे दांडा ही स्वतंत्र भाजी आहे. गड्ड्याच्या आधी पैसा देणारं पीक.

तिथले शेतकरी दांडे ओढतात ते उन्हाच्या दिवशी, भर दुपारी. सकाळी रोप पाण्याने टच्च भरलेलं असतं, तेव्हा ओढलं तर दांडा मध्येच तुटतो. दुपारी ते जरासं मलूल होतं, दांडा चिवट होतो, पानांच्या आवरणातून सैल सुटतो. म्हणून आधीचे काही दिवस पाणीही तोडलेलं असतं. एका लयीत सरळ वर ओढायचं, झटका द्यायचा नाही. आतून पक् असा आवाज येतो आणि हातभर दांडा निघतो, बुडाशी पांढरा आणि कोवळा. मग लगेच पाणी द्यायचं, कारण इथून गड्डा सर्वांत वेगाने फुगतो. पुढे १५ ते २० दिवसांत काढणी. ओढलेल्या दांड्यांच्या जुड्या शून्य अंशाच्या आसपास शीतगृहात ठेवल्या की कित्येक महिने टिकतात.

पण यात एक पेच आहे आणि कांदेवाल्यांना तो लगेच कळेल. बाजार असो वा नसो, दांडा तर काढावाच लागतो. नाहीतर गड्डा बारीक राहतो. ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी ओढायची मजुरीही सुटत नाही, तेव्हा काही शेतकरी लोकांना सांगतात, या, ओढा आणि फुकट घेऊन जा. १९८७ च्या मे महिन्यात त्सांगशानमध्ये दांड्यांचं उदंड पीक आलं आणि खरेदी अडली. भरलेल्या गाड्यांतला माल सडायला लागला आणि संतापलेले शेतकरी थेट सरकारी कचेरीवर चालून गेले. त्सांगशानचं नाव २०१४ मध्ये बदलून लानलिंग झालं. लसणाचं पीक तिथेच आहे. मी ही हकिकत आईला सांगितली तेव्हा तिने विचारलं, "मग त्यांना पैसे मिळाले का?" लासलगावच्या रस्त्यावर ओतलेला कांदा तिने डोळ्यांनी पाहिलाय.

[दृश्य: स्वयंपाकघर. तव्यावर परतले जाणारे हिरवे तुकडे. मग खलबत्ता.]

आमच्या दांड्यांचं काय झालं? आईने बोटभर तुकडे केले, तेलावर मिरचीबरोबर परतले, भाजलेले शेंगदाणे आणि मीठ घालून ठेचा कुटला. लसणाची चव आहे, पण झणका कमी आणि अंगात हिरवा गोडवा. दुसऱ्या दिवशी पिठल्यात घातले.

आता माझ्या वाफ्याचा हिशेब. डाव्या अर्ध्या भागातले दांडे काढले, उजव्यातले मुद्दाम ठेवले. जुलैच्या शेवटी, खालची निम्मी पानं वाळल्यावर सगळा लसूण काढला. दोन्ही ढीग शेजारी ठेवले. डावीकडचे गड्डे हाताला थोडे भरीव लागले, पण तेवढंच. मला खूप मोठा फरक दिसेल असं वाटत होतं.

कुंपणाकडेच्या एका ओळीत मात्र तो दिसला. तिथली माती वाळूसारखी, कंपोस्ट न पडलेली. दांडा ठेवलेले गड्डे तिथे स्पष्ट बारीक होते. अमेरिकेत मिनेसोटातल्या चाचण्यांतही असंच आढळलं होतं. हलक्या, खत नसलेल्या जमिनीत दांडा काढल्याचा फायदा ठळक आणि खत घातलेल्या जमिनीत किरकोळ. माझा कयास असा, की भरल्या ताटावरच्या रोपाला वरचा वाटा दिला तरी खाली कमी पडत नाही. ज्याच्या ताटातच थोडं आहे, त्याला तो घास जड जातो. म्हणून कोणी मला विचारलं, की आधी काय करू, तर मी सांगेन, ऑक्टोबरमध्ये शेणखत घाला आणि जूनमध्ये पानं सांभाळा. दांड्याचा नंबर त्यानंतर.

[दृश्य: ऑगस्ट. उभा राहिलेला दांडा. टोकाची टोपी फाटते. आत गव्हाच्या दाण्याएवढ्या कंदिकांचा गोंडा.]

सात-आठ रोपं मी जमिनीतच ठेवली होती. त्यांच्या टोकाची टोपी फाटल्यावर आत बी निघत नाही. लसूण हजारो वर्षं पाकळ्या लावूनच वाढवला गेलाय आणि त्याची फुलं बी धरायचं जवळजवळ विसरली आहेत. आत असतात त्या कंदिका, म्हणजे इवल्या पाकळ्याच. फुलं त्यांच्या गर्दीत गुदमरून सुकतात. १९८० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञ ताकेओमी एतो यांना मध्य आशियातून आणलेल्या लसणात बी धरू शकणारी फुलं सापडली. अशा लसणाचं बी मिळवायचं, तर गोंड्यातल्या कंदिका चिमट्याने एकेक उपटून काढतात, म्हणजे फुलांना जागा आणि अन्न मिळतं. बियाण्यासाठी कंदिका काढायच्या आणि गड्ड्यासाठी आख्खा दांडा.

आईला त्या कंदिका निफाडला न्यायच्या होत्या. मी म्हटलं, "आई, परवानगीशिवाय असं काही विमानातून नेता येत नाही. आणि नेलं तरी गड्डा धरणार नाही." निफाडच्या थंडीचं नाव साऱ्या महाराष्ट्रात आहे, पण या जातीला त्याहून कडक थंडी लागते आणि नंतर पंधरा तासांचा दिवस. निफाडला तो बाराही महिन्यांत कधी येत नाही. तिने कंदिका परत कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या.

ऑक्टोबरमध्ये मी त्या वाफ्याच्या कोपऱ्यात ओळीने पेरल्या. वसंतात गवतासारखं एकेक पातं वर आलं. एकालाही दांडा आला नाही, एवढ्याशा रोपात तेवढी ताकदच नसते. जुलैमध्ये उपटल्या तेव्हा प्रत्येकीखाली एकच गोल, पांढरी गोळी होती, पाकळ्या न सुटलेली. ती पुन्हा लावायची. दोन-तीन वर्षांत पूर्ण गड्डा होतो.

मी व्हिडिओ कॉल लावून तळहात कॅमेऱ्यासमोर धरला.

"अगं बाई," आई म्हणाली, "हा तर एक पाकळीचा लसूण!"