सफरचंदाचं मूळ

श्रोतेहो, नमस्कार. रॉजर विल्यम्स नावाच्या पाद्रीबुवांना 1635 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीच्या कोर्टानं हद्दपार केलं. त्यांचं म्हणणं असं, की तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन इंग्लंडच्या राजानं परस्पर वाटायची नाही आणि कुणी देव कसा भजावा यात सरकारनं पडायचं नाही. ऐन बर्फात बुवा पायी निघाले. स्थानिकांची भाषा शिकलेले होते, म्हणून वाम्पानोआग या मूळ रहिवासी जमातीनं थारा दिला. 1636 मध्ये नॅरागॅन्सेट या दुसऱ्या जमातीच्या सरदारांकडून जागा मिळवून त्यांनी प्रॉव्हिडन्स वसवलं. ऱ्होड आयलंड वसाहतीची सुरुवात ती हीच. गावाच्या करारात लिहिलं, बहुमताचा हुकूम चालेल तो फक्त ऐहिक बाबतीत. पुन्हा सांगतो, फक्त ऐहिक. कर भरा, पण प्रार्थनेला यायची सक्ती नाही. 1638 मध्ये एका नवऱ्यानं बायकोला प्रवचनाला जाऊ दिलं नाही, तर गावानं त्याचाच मताधिकार काढला! तिकडे मॅसॅच्युसेट्समधल्या बॉस्टनला 1660 मध्येही मेरी डायर या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या बाईंना फाशी झाली. 1663 मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं सनद दिली आणि ऱ्होड आयलंडला हे स्वातंत्र्य राजाच्या शिक्क्यानिशी मिळालं.

आता मुळाची गोष्ट. विल्यम्स 1683 मध्ये वारले. घरामागच्या आवारात पुरलं, वर धड खूण नाही. 1860 मध्ये लोकांना वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला साजेसं स्मारक हवं, म्हणून खणायला घेतलं. पेटीचं लाकूड कुजलेलं, सांगाडा मातीत विरलेला. पण शेजारच्या सफरचंदाचं मूळ आत शिरलेलं! डोक्याच्या जागेपासून पाठीच्या कण्याच्या रेषेनं सरळ खाली आलेलं. कमरेशी त्याच्या दोन फांद्या, एकेका पायाच्या जागी एकेक. गुडघ्याशी बाक. आणि टोकाला, पावलं असावीत तशी, वर वळलेली. झाडानं बुवांना खाल्लं, असं लोक म्हणू लागले. चमत्कार नाही हो. मूळ भुसभुशीत, ओल्या मातीकडेच वळतं, आणि हाडांतला फॉस्फरस झाडाला हवाच असतो.

पुढे 1939 मध्ये गाव दिसेल अशा उंचीवर पुतळा उभारला. बुवांच्या हयातीतलं एकही चित्र उपलब्ध नाही, म्हणजे चेहरा अंदाजपंचे! पुतळ्यांचं हे खूळ सगळीकडे सारखंच. खड्ड्यातली माती पुतळ्याखाली गेली. मूळ मात्र प्रॉव्हिडन्सच्या इतिहास संस्थेनं जपून ठेवलंय, गुडघ्यात वाकलेलं, तसंच.